छुट्टी मंजूर

सातपूर, नाशिक
१२ जुलै १९९८

आदरणीय दीपकभाऊजींना मोहिनीचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मीही तुम्हाला भिंतीवरच्या फोटोतच पाहिलंय, आणि त्यात तुमचे कान फार मोठे दिसतात. मी तुमच्या धाकट्या भावाची, दत्तूची बायको. लग्नाला तुम्ही आला नाहीत, त्यामुळे ओळख करून द्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. तुमचा इंदूरचा पत्ता ह्यांच्याकडून काढून घेतला. "लिहू नकोस, तो उत्तर देत नाही," असं हे म्हणाले. म्हटलं, नाही दिलं तर नाही. पण या घरातल्या गोष्टी बाहेर कोणाला सांगितल्या तर खऱ्या वाटायच्या नाहीत. तुम्ही इथेच वाढलात, तुम्हाला वाटतील.

मी सटाण्याची. आमच्या घरात खंडीभर माणसं आणि कोण कुठे गेलंय याचा कोणालाच पत्ता नसतो. तिथून उचलून मला आणून टाकलं ते हवालदार कारभारी गायधनी यांच्या छावणीत. पहाटे शिट्टी. पांघरुणाची घडी अशी, की कडेवर पट्टी ठेवून रेघ मारावी. चपला भिंतीला टाचा लावून एका ओळीत. नाना तोफखान्यात होते हे स्थळ आलं तेव्हा सांगितलं होतं, पण ते रिटायर झालेत असंही सांगितलं होतं. तोफांनी त्यांचे कान अर्धे खाल्ले म्हणून घरात सगळे ओरडून बोलतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपल्या पायगुणाने भांडण लागलं.

परवा माझ्या हातून दूध नासलं. मी गुपचूप मोरीत ओतलं आणि पातेलं घासून ठेवलं. नानांना कसं कळलं कोण जाणे. आवाज चढवला नाही. मला समोर उभं केलं आणि म्हणाले, "पोरी, दूध नासलं तर नासलं, त्याला शिक्षा नाय. पण रिपोर्ट खरी पाहिजे. आमच्या तोफेवर खोटी रिपोर्ट दिली की पुढं आपलीच माणसं मरत्यात." दुधावरून माणसं मरण्यापर्यंत गेलेला सासरा मी पहिल्यांदाच पाहिला. खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले.

पण जेवणाचं हसण्यावारी नेता येईना. आमच्याकडे आई, काकू, सगळ्या बायका पुरुषांची पानं उठल्यावर उरलंसुरलं घेऊन बसतात. मीही इथे तशीच दाराशी उभी राहिले. नानांनी हाताला धरून पाटावर बसवलं.

"आपल्याकडं आधी जवान जेवतो, मग साहेब," ते म्हणाले.

"नाना, मी सून आहे."

"तेच म्हणतो. तू नवी भरती. नवी भरती सगळ्यात आधी."

आणि भाऊजी, त्या माणसाने मला वाढलं. मग तुमच्या आईंना, मग ह्यांना. सगळ्यांचं पोट भरलंय हे डोळ्यांनी पाहिलं आणि मगच टोपल्यात उरलेली भाकरी घेऊन बसले. आमटी संपली होती. त्यांनी मिरचीशी खाल्ली आणि आमटीचं नावही काढलं नाही. शेजारच्या वत्सलाबाई मला खोदून विचारतात, "सासरा वाढतो म्हणे तुला?" मी हो म्हणते, पण माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. सटाण्याला आईला सांगितलं तर तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. संध्याकाळी दिवा लागला की अंगणात हजेरीची गिनती होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्या दिवशी नव्या साडीत रांगेत उभी राहिले तेव्हा मला हसू आवरेना. नाना समोर ताठ उभे. "लंकाबाई." आई म्हणाल्या, "हाजिर." माझं हसू ओठांवर आलं होतं. तेवढ्यात नाना म्हणाले, "दीपक."

मी इकडेतिकडे पाहिलं. रांगेत आई आणि हे यांच्यामध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा मोकळी होती.

"छुट्टीवर," आई म्हणाल्या.

"छुट्टी मंजूर," नाना म्हणाले. "दत्तू."

हे रोज होतं. एवढंच कळवायचं होतं.

तुमची
मोहिनी

---

सातपूर
२६ ऑक्टोबर १९९८

आदरणीय भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण उत्तर आलं म्हणून ह्यांच्याशी लावलेली पैज मी जिंकले. तुम्ही लिहिलंय, "माझं नाव घेणं बंद करायला सांगा. मी छुट्टीवर नाही, पळून आलेला आहे."

नानांना तसं सांगण्याची हिंमत माझ्यात नाही. मी आईंना विचारलं. वांगी चिरता चिरता त्यांनी सगळं सांगितलं आणि एकदाही वर पाहिलं नाही.

तोफखान्याच्या ट्रेनिंग सेंटरमधून तुम्ही पळून घरी आलात, नानांनी "पोटभर जेव, सकाळी मी तुला गेटवर सोडतो" एवढंच म्हटलं, आणि सकाळी ते जुनी वर्दी चढवून तयार झाले तेव्हा तुम्ही मागच्या दाराने निघून गेला होतात. एवढं तुम्हाला माहीत आहे. आईंनी तुमच्या पिशवीत भाकरी बांधून दिली, हेही माहीत आहे. त्या संध्याकाळी काय झालं ते माहीत नसणार.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्यांचे कान आपल्या अंगणाकडे होते. नाना बाहेर आले. "लंकाबाई" म्हणाले, आणि मग नेहमीच्याच आवाजात "दीपक" म्हणाले. हे तेव्हा शाळेत होते. ते सांगतात, मला वाटलं आता नाना तो शब्द उच्चारतील. भगोडा. नानांच्या लेखी याच्याइतकी घाण शिवी नाही.

आई म्हणाल्या, "छुट्टीवर."

नानांनी विचारलं, "कोणी दिली?"

"मी दिली. मी पाठवला त्याला. त्याला तोफेचा आवाज सोसत नव्हता. माझ्या पोटचं हाय, मला कळतं."

नाना किती वेळ उभे होते ते आईंना सांगता येईना. शेजारच्या घरात दूध उतू जाऊन करपल्याचा वास आला, तरी उभेच होते. मग म्हणाले, "छुट्टी मंजूर."

पुढे सेंटरने तुमचं नाव कापलं आणि प्रकरण मिटलं. हे म्हणतात, नाव तिकडून कटलं, इथून नाही कटलं. आणि भाऊजी, एक दिवस मंजूर केली आणि झालं, असंही नाही. तो माणूस रोज नव्याने मंजूर करतो. तुमच्या पलंगाची चादर रोज स्वतः ताणतात. तिच्यावर कोणी झोपलेलं नसतं, तरी काढतात, झटकतात, पुन्हा घालतात. छुट्टीवरचा जवान कधीही परत येतो, तेव्हा त्याचा बिस्तरा तयार पाहिजे, म्हणतात.

मी आधी या माणसाला घाबरत होते, मग हसत होते. आता काय करावं ते कळत नाही. नुसती बघत राहते.

मोहिनी

---

सातपूर
८ ऑगस्ट १९९९

आदरणीय भाऊजी,

तुम्ही आता चार ओळी लिहायला लागलात, बरं वाटलं. "लढाईच्या दिवसांत नाना कसे होते" असं विचारलंत. तुम्ही पेपर वाचत होतात आणि तुमच्याबरोबर भरती झालेली पोरं तिकडे असतील असं वाटून झोप उडाली होती, हेही लिहिलंत. ते मी कोणाला दाखवलं नाही.

कारगिलच्या बातम्या सुरू झाल्या आणि नानांनी रेडिओ असा मोठ्याने लावला, की कंपनीतून येणाऱ्या शिफ्टच्या माणसांना बसस्टॉपवर बातम्या कळायच्या. तोफा डागल्या म्हटलं की मान हलवायचे. एक दिवस कोणालाही न सांगता बूट पॉलिश करून बस पकडून नाशिकरोडला तोफखान्याच्या सेंटरवर गेले. तिथे जाऊन सांगितलं, "कान गेलेत, हात शाबूत हायत. गोळे उचलीन." त्यांनी मान राखला, चहा पाजला आणि परत पाठवलं. संध्याकाळी गिनतीला ते स्वतःच म्हणाले, "भरतीला गेलो होतो. घेतलं नाय." रिपोर्ट खरी पाहिजे ना. ह्यांना हसू आलं आणि मला रडू आलं. दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत उभे राहिलो.

पण खरी गोष्ट त्याच्या आधीची. लढाई लागली तेव्हाची.

त्या संध्याकाळी "दीपक" म्हणाले. आई म्हणाल्या, "छुट्टीवर." आणि नाना काही बोलेनात. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. आईंनाही तसंच वाटलं असेल, कारण त्या मोठ्याने म्हणाल्या, "छुट्टीवर हाय तो." नानांच्या तोंडावरचा रंग गेला होता. ह्यांनी नंतर मला समजावलं. लढाई लागली की सगळ्या छुट्ट्या रद्द होतात. तार येते आणि लग्नातला नवरा हळदीच्या अंगाने गाडी पकडतो. हा नियम नानांनी आयुष्यभर पाळला. तुमच्या जन्माच्या वेळी ते याच नियमाने सीमेवर होते. आईंना नियम माहीत नव्हता असं नाही. तरी त्या उभ्या राहून नानांच्या डोळ्यांत बघत होत्या.

मी देवळात उभी राहते तशी उभी होते. वाटत होतं, आज तुमचं नाव जातं. शिवी देऊन जातं की मुकाट्याने जातं, एवढंच बघायचं.

"मंजूर," नाना म्हणाले. छुट्टी हा शब्दसुद्धा निघाला नाही तोंडातून. पुढची नावं न घेता आत गेले आणि जेवले नाहीत. सगळ्यांना वाढलं मात्र त्यांनीच.

भाऊजी, तुमच्यापायी त्या माणसाने त्याच्या देवाला पाठ दाखवली. रोज दाखवली, लढाई संपेपर्यंत. तुम्हाला टोचावं म्हणून हे लिहीत नाहीये. मी असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि पाहिलेलं कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मोहिनी

---

सातपूर
१९ फेब्रुवारी २००२

दीपकभाऊजी,

आदरणीय लिहायला आज हात वळत नाही.

आई गेल्या. तुमच्या कारखान्यात फोन केला होता, निरोप पोहोचला होता. तुम्ही निघालातही. आपल्या गल्लीतल्या रिक्षावाल्या सहादूने तुम्हाला इथे नाशकात, द्वारकेच्या चौकात पाहिलं. इंदूरच्या बसमधून उतरलात, टपरीवर उभे राहून चहा घेतलात. सहादू तुम्हाला हाक मारणार, तेवढ्यात तुम्ही रस्ता ओलांडून परतीच्या गाडीत चढलात. द्वारकेपासून अमरधामचं स्मशान किती लांब आहे हो? आम्ही आईंना घेऊन तिथेच होतो.

मी कोणाला सांगितलं नाही. सहादूलाही गप्प बसवलं. रिपोर्ट दडवली म्हणा. त्या नासलेल्या दुधानंतर पहिल्यांदाच.

तेरावं झालं. पाहुणे गेले. संध्याकाळी शिट्टी वाजली तेव्हा मी चपापले, मला वाटलं होतं आता गिनती होणार नाही. आम्ही रांगेत उभे राहिलो. ह्यांच्या पलीकडे तुमची मोकळी जागा, तिच्या पलीकडे आईंची. कडेवर आमची तेजू, तिला नुकतंच "हाजिल" म्हणता येतंय.

नानांनी आईंच्या जागेकडे पाहिलं.  नियमाप्रमाणे गेलेल्याचं नाव घेत नाहीत.

"दीपक."

आणि उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान खाली घातली. त्यांचंही खरं आहे. ते तुमच्यामागे इथे राहिले, शिफ्टा केल्या, आईंना दवाखान्यात नेलं, खांदा दिला. तुमच्यासाठी बोलायचं त्यांनी का? नाना वाट बघत उभे. मला ते दिवस आठवले, नासलेल्या दुधाचे, खोट्या रिपोर्टचे. छुट्टी देणारी तर गेली. आता तुम्ही कोणाच्या शब्दावर छुट्टीवर होतात? कोणाच्याच नाही. पुढचा शब्द तोच होता, जो नानांनी इतकी वर्षं तोंडात येऊ दिला नव्हता.

"छुट्टीवर," मी म्हणाले.

नानांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. "कोणी दिली?"

"आईंनी."

"ती गेली. आता जबाबदारी कोणाची?"

"माझी."

"तू पाठवलं नाय त्याला."

"नाही पाठवलं. पण मी आणीन."

असं मी बोलून गेले. ज्या माणसाला कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, जो द्वारकेवरून माघारी फिरला, त्याच्यासाठी मी त्या अंगणात शब्द दिला. नाना माझ्याकडे बघत राहिले. मी बऱ्याच माणसांच्या डोळ्याला डोळा भिडवलाय, पण तसे डोळे पाहिले नाहीत. राग नव्हता त्यांत. तोललं जात होतं मला.

"छुट्टी मंजूर," ते म्हणाले. "दत्तू."

तर भाऊजी, आता गाठ माझ्याशी आहे. रोज संध्याकाळी मी तुमच्या नावावर उभी राहते. तुम्हाला वाटतं, दारात पाय ठेवला की नाना विचारतील, एवढी वर्षं कुठे होतास. नाही विचारणार. पळून गेलेल्याला विचारतात. छुट्टीवरून आलेल्याला गाडी वेळेवर होती का, एवढंच विचारतात. माझा शब्द खोटा पाडू नका. या घरात मी दुसरं काही कमावलेलं नाही.

मोहिनी

---

सातपूर
११ मे २००२

प्रिय भाऊजी,

इंदूरला नीट पोहोचलात हे कळलं. तेजू अजून "मोठे कान कुठे गेले" म्हणून विचारते.

तुम्ही इथे होतात, तेव्हा तुम्ही पाहिलेलं पुन्हा काय सांगायचं. पण तुम्हाला जे दिसलं नाही ते सांगते. तुम्ही फाटकात उभे राहून "हाजिर" म्हणालात ते नानांना ऐकूच गेलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, मी छुट्टीवर म्हणेन म्हणून.  मी नुसतं हनुवटीने फाटक दाखवलं. त्यांना कळलं. तरी ते वळले नाहीत, हे तुम्हाला लागलं असेल. मी समोरून पाहिलं म्हणून सांगते. ते वळले असते तर पुढची नावं घेऊ शकले नसते. दत्तू, मोहिनी, तेजस्विनी, सगळी घेतली, "विसर्जन" म्हणून रांग मोडली, आणि मगच तुमच्याकडे फिरून "गाडी येळेवर होती?" विचारलं. तुम्ही "हो नाना" म्हणून नळावर पाय धुवायला गेलात, तेव्हा त्यांनी भिंतीला हात टेकला. मी त्या माणसाला आजवर कशालाही टेकलेलं पाहिलं नव्हतं.

तुम्ही गेल्यावर संध्याकाळी गिनतीच्या आधी नानांनी मला बोलावलं आणि शिट्टी माझ्या हातात ठेवली. "शब्द दिला, पाळला. आता चार्ज तुझा." मी म्हटलं, नाना, ह्यांना द्या, ते घरचे कर्ते. तर ह्यांनीच टाचा जुळवून मला सॅलूट ठोकला. वत्सलाबाई कुंपणावरून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी सातपूरभर झालं.

आणि गंमत ऐका. चार्ज माझा म्हणजे वाढायचं मी आणि जेवायचं सगळ्यांच्या मागून मी. नवी भरती म्हणून आधी बसवलेली, आता साहेब म्हणून शेवटी. सटाण्याला आईला कळलं तर म्हणेल, एवढं करून सून जेवली शेवटीच ना. तिला कसं सांगू, की काल उरलेली भाकरी मिरचीशी खाताना मला केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं.

एक सांगायचं राहिलं. राहिलं नाही, टाळत होते.

रांगेसमोर उभी राहिले आणि अडले. पहिलं नाव कोणाचं घ्यायचं? नाना रांगेत उभे होते. त्यांचं नाव या अंगणात कधी कोणी घेतलं नव्हतं. मी डोळे मिटून म्हटलं, "कारभारी गायधनी."

"हाजिर," नाना म्हणाले. असे म्हणाले, जसा एखादा विशीतला पोरगा म्हणतो.

त्या आवाजाने मी हरखले आणि माझी जीभ नेहमीच्या वाटेने गेली. ज्या क्रमाने लग्नापासून ऐकत आले त्याच क्रमाने मी पुढचं नाव घेतलं.

"लंकाबाई."

ह्यांनी झटकन माझ्याकडे पाहिलं. गेलेल्याचं नाव घेत नाहीत. मला कळलं, पण नाव निघून गेलं होतं. आता चूक झाली असं म्हणावं की पुढचं नाव घ्यावं, मला काही सुचेना. नानांची नजर सरळ समोर होती. हात मांड्यांना चिकटलेले.

"छुट्टीवर," ते म्हणाले.

 चार्ज माझा होता, आणि ते थांबले होते.

"छुट्टी मंजूर," मी म्हणाले.

पुढचं नाव तुमचं होतं. त्याचंही उत्तर त्यांनीच दिलं.

तुमची
मोहिनी